केमोच्या डब्यातल्या गोळ्या

छोटे,

मी टॅक्सीने हॉस्पिटलात चाललेय. घाबरू नकोस. तीन दिवस जुलाब होतायत. केमोत व्हायचे तसलेच असतील म्हणून मी जुन्या डब्यातल्या गोळ्या घेत बसले. आज नर्सबाईंना फोनवर सहज सांगितलं, तर केवढ्या ओरडल्या! आता चालू आहे त्या इम्युनोथेरपीत हे अंगावर काढायचं नसतं म्हणे. औषधाने चेतवलेली प्रतिकारशक्ती कधीकधी आपल्याच आतड्यावर उलटते. बहुतेक ठेवून घेतील, स्टेरॉइड देतील.

शिवायला घेतलेला गिऱ्हाइकाचा कोट खुंटीला आहे, फक्त बटणं लावायची राहिलीत.

तुला जुलाबांचं सांगितलं नाही, हे चुकलंच. केमोत माझे केस गेले, उलट्या व्हायच्या, तेव्हा तू बादली घेऊन माझ्या पलंगाशी जमिनीवर झोपायचीस. आता केस परत आलेत, तर जो तो म्हणतो, तब्येत काय छान सुधारली. तू तुझ्या खोलीत परत गेलीस ते बरंच केलंस, पाठ धरली होती तुझी.

काल दोनदा तुझ्या दारापर्यंत आले होते. डोक्यावर एवढे केस असताना दार काय सांगून वाजवायचं, ते सुचेना.

येताना माझा कंगवा आण. गडबडीत राहिला.

ताई