सहाच्या आधी येऊ नकोस

चि. मास्तर यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात गुडघा ठीक नाही, गिझर ठीक नाही आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थाने या वयात व्हायोलिन शिकायला घेतल्यापासून माझं डोकंही ठीक नाही. तुझी पाठ कशी आहे? शिवणाचं दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेलास, आता दिवसभर मशीनवर वाकणं नाही, म्हणजे पाठीने सुधारायला हवं. (न सुधारली तर निदान मशीनवरचा आळ तरी जाईल.) वहिनींना नमस्कार. सूनबाईंना आशीर्वाद सांग, आणि त्यांनी पाठवलेला तो मानेखाली घ्यायचा पट्टा मला उपयोगी पडतोय असंही सांग. पडत नाही, पण सांग.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर मी जरा रंगात आलो की तू 'ठेवतो भावजी, गिऱ्हाईक आलंय' म्हणतोस. दुकान बंद होऊन वर्ष उलटलं तरी म्हणतोस. पत्रात गिऱ्हाईक येत नाही, म्हणून पत्र.

तुझी ताई गेल्याला आता दीड वर्ष झालं. घरात आवाज म्हणावा तर घड्याळांचा, आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नाही. स्वयंपाकघरातलं पुढे, बैठकीतलं मागे. पूर्वी मी रोज सकाळी ती दोन्ही जुळवायचो, हल्ली त्यातही जीव लागत नाही. हे सगळं तुझ्या भाचीने ओळखलं आणि तिने लांबून बसल्या जागी आपल्या दोघांची नावं निवृत्त लोकांच्या त्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत घालून टाकली. मला विचारलं नाही, तुलाही विचारलं नसणार. 'बाबा, तेवढीच माणसं भेटतील' म्हणाली. माणसं! थांब, सांगतो.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. सगळी नोकरी बस डेपोत शिट्टी वाजवून गाड्या सोडण्यात गेली. डेपोत मला 'गजर' म्हणायचे, तोंडावर नाही, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. (स्पर्धेत टोपणनाव घालावं लागतं तिथे मी तेच घातलं. तू 'कात्री' घातलंस हे पाहिलं. बरं आहे.) तर सवयीप्रमाणे मी पहिल्या फेरीला चांगला तासभर आधी जाऊन बसलो. पडद्यावर पट मांडलेला, माझ्या नावापुढे हिरवा ठिपका, समोरच्याच्या नावापुढे करडा. मी चष्मा पुसला, पाणी घेऊन आलो, पुन्हा चष्मा पुसला. इतक्यात त्या यंत्राने विचारलं, 'तुम्ही आहात का?' मी मोठ्याने 'आहे' म्हटलं. पण तसं नसतं, बटण दाबायचं असतं. त्याने मला बाहेर काढलं. आजवर उशिरा आलेल्यांना मी गाडी सोडून दिली, वेळेआधी आलेल्या माणसाला कोणी खाली उतरवलेलं पाहिलं नव्हतं. मी तावातावाने स्पर्धा चालवणाऱ्या मुलीला फोन लावला. ती (आवाजावरून नुकतीच कॉलेजातून सुटलेली) गोड आवाजात म्हणाली, 'काका, तुम्ही इतक्या लवकर येत जाऊ नका ना, सिस्टीमला त्रास होतो.' सिस्टीमला! मला होतो त्याचं काय?

नियम तुला ठाऊक आहे, पंधरा मिनिटांत समोरचा आला नाही की सामना आपल्याला. आता ऐक. पहिल्या फेरीत माझ्यासमोर एक निवृत्त बँक मॅनेजर होते. ते जेवून जरा आडवे झाले ते झालेच. मी जिंकलो. दुसऱ्या फेरीत एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी उशिरा आलेली कित्येक पोरं वर्गाबाहेर उभी केली असतील, त्या मुदत संपल्यावर मिनिटाभराने उगवल्या आणि गप्पांच्या चौकटीत मलाच खडसावलं, की पट इतक्या घाईने का आवरला. मी दोनदा क्षमा मागितली. (तिसऱ्यांदा मागणार होतो, पण यंत्राने चौकट बंद केली.) पुढचे एक न्यायाधीश होते. ते आले वेळेवर, पण आले ते शेजारच्या रमीच्या स्पर्धेत. तिथे कुणाच्या तरी रिकाम्या जागी बसून त्यांनी पहिलं बक्षीस मारलं म्हणतात, आणि त्या निकालावर कोणाची हरकत घ्यायची छाती होत नाहीये. आणि उपांत्य फेरीत डॉक्टर! त्यांच्या कंपाउंडरचा निरोप आला, 'बसून घ्या, डॉक्टर निघालेत.' सामना माझ्या नावावर लागला, ती मुलगी अभिनंदन करून गेली, तरी तो कंपाउंडर आपला 'बसा, आलेच' लिहितोय.

सारांश, मास्तर, मी अंतिम फेरीत आलोय आणि अजून एकही प्यादं हलवलेलं नाही. जुन्या डेपोतले लोक फोन करून अभिनंदन करतात आणि डाव कसा झाला ते विचारतात. काय सांगू, कपाळ? प्रत्येक वेळी समोरचा करडा ठिपका बघत बसलो. कोणी येत नाही, आणि आपण जिंकतो. दोन फेऱ्यांपर्यंत मजा वाटली. मग जिंकल्यावर पडद्यावर ते रंगीत कागदाचे तुकडे उडतात ना, ते एकट्याने बघवेनात. तुझ्या भाचीला वाटतंय की बाबांना माणसं भेटतायत. मी तिला तसंच वाटू दिलंय.

अंतिम फेरीत समोर कोण, तर तू. आणि इथे मी खरा हादरलो. ती मुलगी सांगत होती, 'कात्री-काका किती वक्तशीर आहेत हो! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.' मी तिला दोनदा नाव वाचायला लावलं. तू? वक्तशीर? माझ्या निवृत्तीच्या समारंभासाठी तू माझ्या कोटाचं माप घेतलंस. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, कोट अजून 'फक्त बटणं राहिलीत' याच मुक्कामी आहे. मी भाषण शर्टावर केलं आणि साहेबांनी मला शिपाई समजून पाणी मागितलं. तुझ्या गल्लीतल्या एका नवरदेवाची शेरवानी त्याला बारशाला मिळाली, हे तर तू स्वतःच कौतुकाने सांगायचास.

आणि आपले रविवार? तुझ्या दुकानाला सुट्टी, मला सुट्टी, संध्याकाळी आपला डाव. ताई सांगायची, 'पाचला येतो म्हणालाय.' मी पाचच्या ठोक्याला पट मांडून तयार. आणि साहेब उगवणार सहाला. दर रविवारी सहाला! एकदा साडेपाचला आलास, असं झालं नाही. विचारलं की हसून म्हणायचास, 'गिऱ्हाईक आलं होतं भावजी.' तासभर तापून माझं डोकं इतकं भणभणलेलं असायचं की पुढच्या अर्ध्या तासात माझा वजीर गेलेला असायचा. तुझ्याकडून मी आयुष्यात एक डाव जिंकलो नाही, आणि त्याचं कारण तुझा खेळ नव्हे, तुझा उशीर, हे मी आजही कोणासमोरही सांगायला तयार आहे. तुझी ताई असती तर तिने नेहमीप्रमाणे तुझीच बाजू घेतली असती.

असो. झालं गेलं. मनात काही ठेवू नकोस, मीही (फारसं) ठेवलेलं नाही. पाठीला शेक देत जा. थंड पाण्याने आंघोळ करू नकोस. कळावे, लोभ आहेच, तो असू देण्याइतका उत्साह राहिला नाही एवढंच.

तुझा,
भावजी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. (कोट मागितला, पण तो पैसे आधी देऊन.) येत्या रविवारी संध्याकाळी सहाला अंतिम सामना आहे. तुला एकच करायचंय, नेहमीसारखं वागायचं. चष्मा शोध, बटण लाव, सुईत दोरा ओव, काहीही कर, पण पंधरा मिनिटं काढ. पूर्वी तासभर काढायचास, मी फक्त पंधरा मिनिटं मागतोय. बक्षीस भिंतीवरचं घड्याळ आहे, ते हवं तर तू ने, माझ्याकडे भांडायला दोन आहेत. मला एकदा, फक्त एकदा, तुझ्यापुढे 'विजयी' असं माझं नाव वाचायचंय. कसं मिळालं ते कोणाला कळणार नाही. चारही डाव मी असेच जिंकलोय, पाचवा तुझ्याकडून घ्यायला लाज कसली?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी तुझा नवा पत्ता विचारायला घरी फोन केला होता. तू शेक घेत पडला होतास, वहिनींनी उचलला. बोलता बोलता मी म्हटलं, मास्तर स्पर्धेत बरा वेळेवर येतो, आमच्याकडे तर कधी आला नाही. त्या हसायला लागल्या. त्यांना वाटलं, मला माहीत आहे. म्हणाल्या, 'अहो, ते तर पावणेपाचलाच घरातून निघायचे. ताईंनीच सांगून ठेवलं होतं ना, सहाच्या आत उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही म्हणून. तुमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पायरीवर बसून राहायचे बिचारे.' मी विचारलं, का? तर म्हणाल्या, 'ताई म्हणायच्या, हे आठवडाभर घड्याळामागे धावतात. रविवारी तुझी वाट बघताना एक तास माझ्यासमोर बसतात. तेवढा तू खाऊ नकोस.'

मास्तर, रविवारी तुझं दुकान बंद असायचं. बंद दुकानात गिऱ्हाईक कुठून येणार, हे इतक्या वर्षांत माझ्या टाळक्यात आलं नाही. मी काय केलं त्या तासात? तुला शिव्या दिल्या. तुझ्या कोटापासून सुरुवात करून तुझ्या सगळ्या खानदानापर्यंत जायचो, म्हणजे तिच्याच. ती समोर बसून शेंगा सोलत ऐकायची. मधेच चहा ओतायची, 'येईल हो' म्हणायची. तुझ्या बाजूच्या सोंगट्या तीच मांडायची आणि राजा-वजीर हमखास उलटे ठेवायची. मग मी उठून, तिच्या बाजूला जाऊन, ते नीट करून द्यायचो. इतक्या वर्षांत हिला एवढंही जमू नये, असं मी म्हणायचो. मला फार वाईट वाटतंय रे. फोनवर रडलो, हे मीच लिहून टाकतो, वहिनी सांगतीलच.

आणि तू! एवढी वर्षं पायरीवर बसून राहिलास, वर येऊन माझं तोंड ऐकून घेतलंस, आणि एका शब्दाने बोलला नाहीस. गाढव आहेस. कोटाबद्दल जे काही बोललो तेवढं सोडून बाकी सगळं मागे घेतो.

ता. क. शेवटचा. वरची पंधरा मिनिटांची विनंती रद्द समज. दोघा खेळाडूंनी एकाच खोलीत बसू नये, असं स्पर्धेच्या नियमांत कुठे आहे का, हे त्या मुलीला विचारून घेतलं. नाही म्हणाली. (काका, पण असं का, असंही म्हणाली. तिला काय सांगणार?) तेव्हा रविवारी तू फोन घेऊन इकडेच ये, वहिनींनाही आण. कोट झाला नसला तरी चालेल. घरचा लाकडी पटही काढून पुसून ठेवलाय. तुझ्या बाजूचे राजा-वजीर मी उलटे मांडणार आहे, आणि मग उठून नीट करणार आहे.

मी पाचला बसेन. गाडी लवकर पोचली तर बेकरीची पायरी अजून आहे, तिथे थांब. सहाच्या आधी येऊ नकोस.