कप्तान भुजंगची मूठमाती

१६ ऑगस्ट १९८२
आजपासून लातूर जिल्हा! चौकात पेढे, भाषणं. उदगिरात नळाला आठ दिवस थेंब नाही, पावसाने तर कधीचीच दडी मारलीय. आणि मी, वीरण्णा मास्तर, सकाळभर माझ्या कादंबऱ्यांच्या नायकाला, कप्तान भुजंगला, अरबी समुद्रात पोहवत होतो! समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. पुण्याचा प्रकाशक मात्र टोपणनावाखाली छापतो — लेखक निवृत्त नौदल अधिकारी!

भुजंगची मिशी माझ्या वडिलांची, अप्पांची. शिव्याही त्यांच्याच. धाडस तेवढं मी पदरचं घातलं — अप्पा पालीला भितात.

२२ ऑगस्ट
अप्पांच्या किराणा दुकानात गेलो. भुजंगची पानं फाडून जिऱ्याच्या पुड्या! वर गिऱ्हाइकाला म्हणतात, "असलं लिवणाऱ्याला चाबकानं हाणाया पायजे." मीही मान डोलावली. एकतीस पुस्तकं झाली, सांगायची छाती नाही. लातूरच्या डॉक्टरांनी अप्पांचं हृदय जपायला सांगितलंय. भित्र्याला तेवढंच निमित्त.

२९ ऑगस्ट
ठरलं. भुजंगला मारतो. बाहेर घागरींच्या रांगा, आणि मी चाच्यांशी लढतोय — लाज वाटते. एकदा मेला की दुष्काळावर खरी कादंबरी लिहीन. तिच्यावर नाव माझं!

३ सप्टेंबर
मेला! रडू आलं. मूर्ख कुठला!

१० ऑक्टोबर
छापून आलं. शेवटचं पान पुन्हा पुन्हा वाचलं. खड्ड्यात मांडी घालून बसवलेला भुजंग — कपाळी विभूती, वर बेलाची पानं! जातिवंत कोकणी दर्यावर्दी, आणि मूठमाती आम्हा लिंगायतांची! आजोबांना तशी दिलेली पाहिली होती. लिहिताना दुसरी सुचलीच नाही. पुण्यात कुणाला कळलं नाही. पण अप्पांच्या दुकानात रद्दीत आज ना उद्या हे पान जाणारच.

१२ ऑक्टोबर
बायको, उमादेवी, दुकानातून धावत आली. "मामा सकाळपासून कुणाशी बोलंनात. एक पुडी बांधली न्हाई. पुस्तक मांडीवर घिऊन बसलेत." जाऊन पाहायचं धैर्य झालं नाही. त्यांना काही झालं तर मी मारलं म्हणायचं.

१४ ऑक्टोबर
अप्पा धापा टाकत शाळेत आले. जन्मात पहिल्यांदा. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"एकतीस बी पुस्तकं आधी वाचली, मगच फाडली. लिवणारा आपल्यातला हाय, हे ह्या पानानं सांगितलं. मिशीवरून घर बी कळलं." मग शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "जाळला न्हाईस ना? नुस्ता पुरलायस. मला तसं खड्ड्यात बसवायची वेळ यायच्या आत त्याला वर काढ."