आत्याचं वय

प्रिय वकीलबाई (कोर्टाची पायरीही न चढलेल्या),

आज दुपारच्या टपालानं तुझ्याकडे माझ्या अक्षरातलं एक जाड पिवळं पाकीट येईल. ते उघडू नकोस. आधीच हाती पडलं असेल तर उपडं ठेव, वर शब्दकोश ठेव, आणि आधी हे पत्र पुरतं वाच. माझी सून ऑफिसच्या गाडीनं तुमच्या गावी निघाली आहे, तिच्या हाती हे देतोय. गाडीत चार माणसं आणि फायलींचे गठ्ठे. मला जागा नाही. बाबा, सरळ फोन लावा की, असं ती बूट घालताना दोनदा म्हणाली. सकाळपासून सात वेळा लावला. तुझा फोन नुसता वाजत राहतो.

घाईतही आठवणी याव्यात, हा माझा जुना रोग. शाळेचं शेवटचं वर्ष. बसथांब्यावर आपल्याला बेवारस छत्री सापडली होती, मोडकी दांडी लाल दोऱ्यानं निगुतीनं गुंडाळलेली. मी कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा; मी म्हणालो, ही छत्रीवाली बाई कुणाची तरी वाट बघत असणार. तू म्हणालीस, वाट बघणारी बाई दोरा इतका घट्ट आवळत नाही, हिला कामावर जायचंय. भांडण मिटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तू त्या बाईच्या नावानं वाचनालयाचं एक कार्ड करून आणलंस, शिक्क्यासकट. वय चौतीस. आपण सोळाचे. तिथून ती आपली आत्या झाली, दोघांपैकी कुणालाच नसलेली.

नियम तुझेच. बोलायचं नाही, फक्त वस्तू किंवा कागद द्यायचा. समोरच्यानं उत्तरही वस्तूनंच द्यायचं. हे काय, असं कधी विचारायचं नाही. आणि एकदा दिलेलं परत घ्यायचं नाही. ते आत्याच्या आयुष्यात घडलं म्हणजे घडलं. तू लग्न होऊन दूर गेलीस, मी इथेच मुलांकडून कविता पाठ करून घेत राहिलो, पण आत्या टपालानं वाढत गेली. मी तिला कवितांची वही दिली, तर तू टेलिफोन खात्यात नेमणुकीचं पत्र धाडलंस. मी वाळलेलं फूल पाठवलं, तू शिंप्याची मापं पाठवलीस, कंबर दोन इंच वाढलेली! केवढा हसलो होतो. तुझे यजमान गेले त्या वर्षी तू नुसतं एक बटण पाठवलंस, पुरुषाच्या सदऱ्याचं. मी उत्तरादाखल सुई-दोरा पाठवला. त्यापलीकडे आपण कधी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे आज या खुर्चीत बसून मी स्वतःला विचारतोय.

गेल्या आठवड्यात तुझा कागद आला. दवाखान्याचा तपासणी अहवाल, नाव आत्याचं. खालची इंग्रजी अक्षरं मला अर्धीच कळली, पण सूर कळला. वय त्र्याहत्तर लिहिलेलं. कार्डाप्रमाणे आत्या आज एक्क्याण्णव वर्षांची. मी मोठ्यानं हसलो: वकीलबाईंची बेरीज चुकली! मग माझ्यातला कवी जागा झाला. खोटं कशाला बोलू, आत्याच्या शेवटाच्या चार ओळी माझ्याकडे दहा वर्षांपासून तयार होत्या. संधीच मिळत नव्हती. छापखान्यात जाऊन काळ्या चौकटीचं कार्ड छापून घेतलं, खाली त्या ओळी टाकल्या, आणि परवा मोठ्या तोऱ्यात पाकीट रवाना केलं. घरी येताना त्या ओळी गुणगुणतही होतो, मूर्ख.

आज सकाळी अहवाल ट्रंकेत ठेवायला घेतला. तुझे सगळे कागद हातानं केलेले, शाईचा वास असलेले. हा तसा नव्हता. नावाच्या जागी छोटी पट्टी चिकटवलेली होती. कागद खिडकीच्या काचेवर धरला, आणि उजेडात पट्टीखालचं नाव दिसलं. गणितात पैकीच्या पैकी घेणारी तू बेरजेत चुकशील? तू वय झाकलंच नव्हतंस. तू मला सांगितलं होतंस, आपल्याला येतं त्या एकाच भाषेत. आणि मी उत्तरात काय धाडलं, ते आता तुला कळलं असेल.

म्हणून हे पत्र. सत्तावन्न वर्षांचे नियम मी आज मोडतोय. दिलेली वस्तू परत मागतोय. ते पाकीट मी माझ्या हातानं फाडणार आहे, चार ओळींसकट. आणि कधी विचारलं नाही ते विचारतोय: अगं, हे काय आहे? कधी कळलं? सोबत कोण आहे? उत्तराला वस्तू शोधत बसू नकोस, दार तेवढं उघड. संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलंय, परतीचं काढलेलं नाही. मूळ तिकीट खिशात आहे, झेरॉक्स सोबत जोडतो. नीट बघ, त्यावर नाव आत्याचं नाही, माझं आहे. वयही खरं लिहिलंय.

तुझाच,
खिडकीबाहेर बघणारा