वास ओळखला होता

सोम., ३ नोव्हें.
सकाळपासून चार गावं, त्यात गाडी पंक्चर. शेवटी बबनरावांचा गोठा. गाय विऊन वीस दिवस झालेत, खुराकाला तोंड लावीना, दूध निम्म्यावर. तोंडाजवळ वाकलो. तोच वास, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. कीटोसिस. दूध करण्यात रक्तातली साखर संपते, मग अंगातली चरबी जळते, तिचा हा वास. सगळ्यांना येत नाही, मला येतो. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच, वर गूळपाणी. बबनराव म्हणाले, "डॉक्टर, तुमचं नाक म्हंजी लॅबच हाय." डॉक्टर कसला, पशुधन पर्यवेक्षक. पण बरं वाटलं.
घरी आलो तर रूथ पुन्हा माठापाशी. पोरगी किती पाणी पिते! युनिफॉर्म पण ढगळ झालाय. शीला म्हणते, आपल्या पोरीला दहावीचं टेन्शन. असेल.

गुरु., ६ नोव्हें.
रूथ शाळेत गेली नाही. दोनदा उलटी, पोटात दुखतंय म्हणते. कपाळाला हात लावायला वाकलो आणि वास. तोच!
डोकं लगेच धावलं. चार दिवस धड जेवली नाही, साखर संपली असणार, चरबी जळतेय. औषध तर पाठच. गूळपाणी, मग ग्लुकोजची पुडी. दुपारपर्यंत पाच ग्लास, माझ्या हातानं. "पप्पा, नको ना, मळमळतंय." दटावून पाजलं. शीला म्हणाली, आत्ताच नगरला नेऊ. म्हटलं, सकाळी बघू, मला काय कळत नाही होय?

शुक्र., ७ नोव्हें. (नगर, हॉस्पिटल)
सकाळी हलवली तर नीट बोलेना. नुसत्या धापा. शेजाऱ्यांच्या गाडीत घातली. वाटेत सुपा गाव येईपर्यंत शीलाचं एकच, "प्रभू, प्रभू".
दारातच बोटाला टोचलं. साखर मीटरच्याही पल्याड. आयसीयू. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही गोड दिलं होतं का?" शीला सह्या करायला काउंटरवर गेलेली. मी म्हणालो, "नाही. पाणीच."
का म्हणालो?

रवि., ९ नोव्हें.
डोळे उघडले. "मम्मी" म्हणाली. बाहेर येऊन जिन्यात रडलो.
शीला आत रूथपाशी, तेव्हा डॉक्टरबाईंनी मला एकट्याला कागदावर पेशी काढून समजावलं. रक्तात साखर रगड, पण इन्सुलिनच नाही, त्यामुळे ती पेशीत शिरत नाही. पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळतं, रक्त आंबट होतं, मेंदूपर्यंत त्रास. पहिल्या प्रकारचा मधुमेह, पोरांना होतो तो. कुणाचा दोष नाही म्हणाल्या.
कुणाचा नाही? गाईची साखर घटलेली, रूथची उतू चाललेली. वास एकच, रोग उलटा. आणि मी शहाणा वरून गोड ओततोय. गाढव! आरोग्य उपकेंद्रात साखरेचं मीटर आहे, दहा मिनिटांवर. एक थेंब रक्त तपासायला काय धाड भरली होती?

गुरु., १३ नोव्हें.
घरी. दिवसातून चार इंजेक्शनं, जन्मभर. रूथ म्हणे, "पप्पा, तुम्हीच द्या, तुम्हाला सवय आहे." सुई केसाएवढी. बिथरलेल्या गाईला टोचतो मी, इथं सुई टेकवून परत उचलली. तिनंच मनगट धरलं. "द्या हो, मी काय लाथ नाही मारत." शीला खळखळून हसली, किती दिवसांनी. मला हसू येईना.

रवि., १६ नोव्हें.
चर्चच्या उपासनेत साक्षीच्या वेळी, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, शीला उठली. मला आधी बोलली नव्हती. "यांनी वेळेवर ग्लुकोज पाजलं म्हणून लेकरू नगरपर्यंत टिकलं. देवानं यांच्या हाताला यश दिलं." सगळं चर्च "आमेन". धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाळकसाहेब हात दाबून म्हणतात, "पुढच्या रविवारी तुमची साक्ष."
बाहेर शांतामावशी आडव्या आल्या. "नातू लई मरगळलाय, पानी सारखं मागतो. ग्लुकोजच्या किती पुड्या देऊ रं?" ओरडलोच मी, "एकही नाही! आधी रक्त तपासा, आजच!" बिचाऱ्या घाबरल्या. लोक बघायला लागले. शीला म्हणाली, असं काय अंगावर जाता?

बुध., १९ नोव्हें.
मावशींच्या नातवाची साखर बरोबर निघाली. जंत आहेत. सुटलो. पण नसती निघाली तर? अजून किती घरांत पुड्या आणून ठेवल्या असतील...
कामात लक्ष नाही. शीलाला सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा विचारलं, मीठ कुठंय. समोरच होतं.

शनि., २२ नोव्हें.
संध्याकाळी ओट्यावर रूथ हॉस्पिटलचं पुस्तक वाचत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "यात लिहिलंय, अशा वेळी गोड द्यायचं नाही."
तिनं पुस्तक मिटलं.
"त्या दिवशी वाकलात आणि एकदम थांबलात. वास आला होता ना?"
"हो."
"मग?"
मग काय? सगळं सांगितलं. गाय, गूळ, बाईंना मारलेली थाप. पोरीसमोर ढसाढसा रडलो. तिनं पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "मला राग आलाय पप्पा. उद्या पण येईल. पण मम्मीला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार. आणि चर्चमध्ये परत तेच ऐकवलंत तर मी उठून जाईन."
शीला आतल्या खोलीत. उद्यासाठी माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करतेय, गुणगुणतेय. मघाशी मीच तिला हाक मारली.
"आले हो, एक बाही राहिलीय."