देवीपुढे साहेबांना गप्प केल्याच्या शिक्षेविषयी

प्रति,
मा. खजिनदार साहेब,
सरकारी सेवक नेमणूक शाखा,
सॅटर्न मंदिर, रोम.

विषय : दवंडीवाल्यांच्या पथकात परत घेण्याबाबत व धान्याची देवी सिरीस हिचा विधी नव्याने करण्याबाबत.

संदर्भ : जत्रा अधिकारी मा. सेक्स्तुस आविएनिउस यांचा कालचा तोंडी हुकूम.

महोदय,

१. परवा देवीपुढे डुकरीण अर्पण करताना मी रिवाजाप्रमाणे "जिभा आवरा" अशी हाक दिली. धान्य घेऊन आलेल्या बाया लेकरांच्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पावा वाजवणाऱ्या फिलोने सूर असा धरला होता की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात विधीसाठी डोक्यावरून वस्त्र घेतलेले आविएनिउस साहेब ऐन प्रार्थनेत मेव्हण्याला म्हणाले, "बाम मासा नीट भाजायला सांग रे, मागच्या खेपेस कच्चा होता." मी पुन्हा हाक दिली. साहेब म्हणाले, "आणि लसूण बेताने." तेव्हा मात्र मी त्यांच्याकडे तोंड करून ओरडलो. लोक हसले. साहेब गप्प झाले.

२. विधी आटोपल्यावर साहेब म्हणाले, "तुझा गळा माझ्यापुढची गर्दी हटवायला ठेवलाय, माझ्यावर चालवायला नाही." काल मला पथकातून काढून हरवलेल्या जनावरांची दवंडी द्यायला बाजारात धाडले. शिवाय माझ्या ओरडण्याने विधी बाटला, सबब नवी डुकरीण मीच आणावी, असाही हुकूम आहे. मात्र विधी पुन्हा होणार नाही, कारण तो सुरळीत झाला, असे तेच साहेब सांगतात. महोदय, सुरळीत झाला तर डुकरीण कोणासाठी? साहेबांच्या ताटासाठी?

३. मध्ये बोलणे झाले की विधी पहिल्यापासून करायचा, हे आपण जाणताच. देवी रुसली तर साहेबांची कोठारे भरलेलीच आहेत. त्या बायांनी लेकरांना काय घालावे?

४. आपल्या कार्यालयातील कारकून मला म्हणाले, "कोसुतिउस, शहाणा हो. वस्त्रामुळे कोण बोललं ते दिसलं नाही, असं लिही. उद्याच परत घेतो." मी तसे लिहिणार नाही. मी साहेबांचा आवाज ओळखूनच ओरडलो.

तरी मला परत घ्यावे व विधी नव्याने करावा. यांपैकी एकच होणार असेल, तर विधी करावा. हाक दुसऱ्या कोणी दिली तरी चालेल. मी गर्दीत उभा राहीन. मात्र साहेब पुन्हा बोलले आणि तो दुसरा गप्प राहिला, तर हाक मी देईन. त्यासाठी मला हुकूम लागणार नाही.

आपला आज्ञांकित, देवीचा आधी,
नुमेरिउस कोसुतिउस
(सही)

सिरीसच्या जत्रेचा चौथा दिवस

सोबत : पावा वाजवणाऱ्या फिलोची साक्ष. (दम घेताना त्याने बाम ऐकला. लसणाच्या वेळी तो फुंकत होता.)