वेगळा खुंटा

२ मे २०२४
आज बोटं उघडलीच नाहीत! ब्रश दोन्ही मनगटांत धरून दात घासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संधिवाताला आता गोळ्यांनी भागणार नाही, दर पंधरा दिवसांनी बायोलॉजिक इंजेक्शन घ्यावं लागेल. सांधे वाचतील. पण प्रतिकारशक्ती कमी होते, टीबी अंगात दबून असला तर उठतो. एक्सरे काढला, रक्त दिलं. मला भीती वाटते — सांध्यांची वाटते, सुईचीही वाटते.

५ मे
आत्याबाई आल्या, ह्यांच्या आई. खुलताबादकडच्या त्यांच्या गावातली विहीर आटली, म्हणून चार शेळ्या घेऊन इथं पडेगावात. इथं तरी नळ कुठं येतो! टँकरवरच चाललंय. एक शेळी खोकत होती. आल्या आल्या तिला मागं लिंबाखाली एकटीच बांधली. "खोकणारं जनावर कळपात ठेवायचं नस्तं, रत्ने."
माझी वेणी त्याच घालतात, घासही भरवतात. अडतीस वर्षांची घोडी मी! लाज वाटते आणि बरंही वाटतं.

९ मे
रिपोर्ट चांगले आले. आत्याबाई सोबत होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला?" मी आत्याबाईंकडं पाहिलं. माझ्याच खोलीत झोपतात, रात्रभर खोकतात. "नाय बाई, रस्त्याच्या कामाची धूळ हाय." धूळ आहेच, समोरच्या नव्या प्लॉटिंगवर डंपर दिवसभर चालू असतात. मीही मान हलवली. इंजेक्शन लांबलं असतं तर?

१० मे
पोटात टोचलं. मुंगी चावल्यासारखं. घरी येऊन चारदा ताप मोजला!
संध्याकाळी आत्याबाईंनी बाज उचलून बाहेर नेली. "आत लई उकडतंय." वेणी सुकेशनीकडून घालून घे म्हणाल्या. लेक बारा वर्षांची, तिला धड जमत नाही. ताटही दारातूनच घेतात. माझ्या वाकड्या बोटांची किळस आली असणार. तोंडावर सांगायचं तरी! खूप रडले.

१५ मे
ताप नाही.

१९ मे
मूठ मिटली! पूर्ण मिटली. दाखवायला मागच्या दारी धावले. "थितंच थांब. दिसतंय मला." पदर तोंडावर. इतकी माझी शिसारी! तणतणत आत आले. आता नवीन भीती — हे सुख काढून घेतलं तर?

२४ मे
आत्याबाईंच्या पदराला रक्त! हे त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलेत. माझी दुसरी सुई आजच आहे. फ्रिज उघडते, बघते, बंद करते.

२७ मे
टीबीच. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सुई थांबवली. मला परत तपासणार आहेत. "त्या तुमच्या खोलीत कधीपर्यंत झोपत होत्या?"
"पहिल्या सुईच्या आदल्या रात्रीपर्यंत."
बोलता बोलता कळलं. मागं जाऊन पाहिलं. बाज लिंबाखाली आहे, शेळीच्या खुंट्याशेजारी.
मान तर मीही हलवली होती.