दिलावरच्या पत्त्यावरची टिंबं

६ मार्च १९५५, रविवार

फोडलं! वस्तादांचं पाकीट फोडलं!

सगळं जुन्नर बाजारात व्हतं. तालमीत मी अन मारुती, दोघंच. सुरी मारुतीच्याच दिव्यावर तापवली, मग त्याच्याकडं पाठ करून बसलो. उगं त्याला साक्षीला कशाला घ्यायचा! लाखेखालनं सुरी सरकवली, अलगद सुटली. सायकलीची पंक्चरं काढून काढून हात हलका झालाय.

का केलं ते लिहून ठेवतो, नायतर पुढं मीच म्हणंन, मी न्हवतोच तो.

आमचा कागदी हुतुतू. तालमीतल्या चोवीस गड्यांचे चोवीस पत्ते. वस्ताद, म्हंजे सावळेरामदादा, दर साली एकेकाला चढाई, पकड अन दम ह्याचं मार्क देत्यात, दहापैकी. दादांना लिहिता-वाचता येत न्हाई, म्हणून आकडे न्हाईत, टिंबं. मग पाकीट, वर लाख. आमी तिघं मालक — मी, सोमाजी अन टांगेवाला अकबर — नुसती नावं घेऊन सात-सात गडी उचलायचे. उचलल्यावर पाकीट फुटणार, तवा कळणार पदरात हिरा पडला का शेण. मग कवड्या टाकून सामने.

यंदा पैज मोठी. धर्माजी मुंबईला गिरणीत गेला, म्हणून खऱ्या संघात एक जागा मोकळी. दादा म्हणाले, "जो कागदावर जिंकंल, त्यानं सातवा गडी सांगायचा." सतरा एप्रिलला नारायणगावच्या जत्रेत, त्यांच्या तालमीशी सामना!

मला सातवा व्हायचंय. मी. चार वर्सं घामाचं पाणी केलं, दादा मला पाणी द्यायलाच ठेवत्यात.

म्हणून फोडलं. सगळे आकडे पाठ केले. अन एक जास्तीचं केलं. दिलावरच्या पत्त्यावर दमाची दोनच टिंबं व्हती. बोरू तिथंच व्हता. सहा अजून दिली. आठ!

दिलावरच का? कारण त्याला कुणी घेतच न्हाई. दोन सालांमागं नारायणगावातच त्याचा दम तुटला, पार त्यांच्या पटांगणात, मधोमध. आख्खी जत्रा हसली. तवापास्नं त्याचं नाव पिपाणी. मैदानात पाय ठेवीत न्हाई. मोठ्या नावाला वाढवलं असतं तर सोमाजीनंच उचललं असतं. चोरायची तर फाटकी चप्पल चोरावी, कुणी शोधीत न्हाई.

लाख परत तशीच बसवली. कुणाच्या बापाला कळणार न्हाई.

— आरं देवा! आत्ता ध्यानात आलं. टिंबं देतो कोण? दिलावरच! दादा तोंडानं सांगत्यात, दिलावर कागदावर घेतो. कागद्याचं घर, कागद बी त्याचाच. म्हणून तर तो मालक न्हाई, पंच हाय.

त्याला ठाऊक असणारच, दोन व्हती.

मेलो.

७ मार्च

दिलावर दुकानात आला, हवा भरून गेला. हसला. का हसला?

१० मार्च, गुरुवार

गडी उचलले.

सोमाजी कचेरीत शिपाई हाय, त्याच्या टोपीला बी माज. त्यानं पैलवानच उचलले, एकाला झाकावा अन दुसऱ्याला काढावा असे. मला म्हणतो, "जानकू, तुझी पलटण काय मयताला न्यायचीय का?"

हसू दे. हा खेळ त्यानं समजूनच घेतला न्हाई. एकेका चढाईला पत्त्याचा एक दम जातो. दम संपला की पत्ता पालथा. पैलवानांची चढाई नऊ, पण दम तीन! अर्ध्या सामन्यात सगळे पालथे. म्हणून म्या पहिल्यांदा दोन पक्के पकडणारे घेतले, दोन टोकांना. त्यांनी नुसतं धरायचं. मग तीन मधले, ना धड ना वाईट, त्यांनी समोरच्याला दमवायचं. एक चपळ. अन सातवा राखून ठेवायचा, शेवटी सोडायचा, समोर कुणाला दम उरला न्हाई तवा.

"सातवा दिलावर."

अकबर टांग्यातल्या घोड्यावानी खिंकाळला. "पिपाणी! अरे, तुझं डोकं फिरलं का?"

दिलावर नावं लिहून घेत व्हता. बोरू थांबला. माझ्याकडं बघितलं न्हाई. लिहिलं.

१२ मार्च, शनिवार

पाकीट फुटलं.

दादांनी लाखेवरनं अंगठा फिरवला. दोनदा. पण काय बोलले न्हाईत.

टिंबं मोजून सांगायचं काम बी दिलावरचंच. सगळे झाले. त्याचा सोताचा पत्ता आला. चढाई पाच. पकड चार. मग थांबला. इतका वेळ थांबला की बाहेर कुणाचं तरी कोंबडं आरवलं ते सगळ्यांनी ऐकलं.

"दम... आठ."

दादा म्हणाले, "किती?"

"आठ, दादा. कागदावर आठ हायत."

दादा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "असू दे. फुडं चल."

आता मला कुणी सांगा. दोन टिंबं ज्यानं सोताच्या हातानं दिली, तो आठ वाचतो अन गप बसतो? कोण गप बसतं असं? ज्याला सापळा लावायचाय तोच. मी जिंकंन, छाती फुगवंन, मग भर तालमीत म्हणंल — दादा, ह्यो चोर.

१३ मार्च

सोमाजी अन दिलावर कोपऱ्यावर बोलत व्हते. मी गेलो तर गप! सोमाजी म्हणाला, "काय न्हाई, म्हशीचं बोलत व्हतो." दिलावरच्या घरी म्हैस न्हाई. सोमाजीच्या बी न्हाई!

२० मार्च, रविवार

अकबरला हरवला. सोमाजीला बी एकदा हरवला.

दिलावर कवड्या मोजतो ते अगदी चोख. माझ्या अंगावर एक कवडी जास्त न्हाई, एक कमी न्हाई. सामना झाल्यावर पत्ते गोळा करताना हळूच म्हणाला, "जानकू, मला का घेतलंस रं?"

"शेवटी तूच उरला व्हतास."

"अजून तिघं उरले व्हते."

"मग नशीब म्हण."

"हं," म्हणाला. नुसतं हं. हे हं मला झोपू देणार न्हाई.

२७ मार्च, रविवार

जिंकलो. अन मेलो.

शेवटचा सामना सोमाजीशी. बारा-बारा बरोबरी. त्याचे पाच पैलवान पालथे, दोघं उभे, दोघांच्या दमाला एकेकच टिंब. माझा दिलावरचा पत्ता कोरा करकरीत. सोडला! सहा कवड्यांतल्या पाच उताण्या. दोन्ही गडी बाद. तालीम दणाणली. सोमाजीनं टोपी काढून आपटली.

दादा म्हणाले, "बोल जानकू. सातवा कोण?"

म्या घसा साफ केला. किती दिस म्हणून बघितलं व्हतं हे, दुकानात ट्यूबीला फुंकताना सुदीक. म्हणालो, "मी, दादा."

"तुझ्या पत्त्यावर दम किती?"

"...चार."

"अन तुला जिंकवलं कुणी?"

मी पत्ते आवराया लागलो. दादाच म्हणाले, "दिलावरनं. दम आठ. मंग मालक म्हणून तू कुणाला घेशील? शेंबडं पोर बी सांगंल."

सगळे हसले. मी मान हलवली. दुसरं काय करणार! आठ खोटं हाय म्हणू? कुणी केलं म्हणून सांगू?

दिलावरकडं बघितलं. पिवळा पडला व्हता, हळद लावल्यावानी. वाटलं, आता बोलणार. आत्ता! आत्ता!

"बरं, दादा," म्हणाला.

बरं? दोन दमाचा माणूस बरं म्हणतो? पुन्हा तीच जत्रा, तेच पटांगण, अन तो बरं म्हणतो! मला बुडवायला सोता बुडणार का हा? भर मैदानात दम तुटला की म्हणंल, माझा दोषच न्हाई, मला तर दोनच व्हता, इचारा जानकूला.

१ एप्रिल

सोमाजीला एप्रिल फूल करायचं ठरवलं व्हतं. मन लागलं न्हाई. असं आयुष्यात पहिल्यांदा.

३ एप्रिल, रविवार

चार दिस बघतोय. सकाळी दिलावर बगलेत गाठोडं मारून नदीकडं जातो, दोन घटकांनी येतो. कागदाचा लगदा धुवायला म्हणावं तर टोपली न्हाई. नारायणगावचा कोण भेटत असंल. सामना इकायला लागलाय का काय?

आज मागं गेलो. कुकडीच्या काठाला, करंजाच्या आडनं बघितलं. गाठोड्यात नुसतं कोरडं धोतर. पाण्यात उतरला, बुडी मारली. मी सहज मोजाया लागलो. तीस. चाळीस. साठ झाले तवा मी करंजामागनं बाहेर आलो. सत्तरला चपला काढल्या. ऐंशीला वर आला! फूऽऽ करून. मला काठावर बघितलं, एक पाय पाण्यात.

"काय रं जानकू?"

"काय न्हाई. पाय धुतोय."

"किती मोजलं?"

"...ऐंशी."

"काल पंच्याऐंशी व्हतं," म्हणाला अन परत बुडाला.

दोन दमाचा माणूस ऐंशी मोजेस्तोवर पाण्यात ऱ्हातो का? मला गणित येत न्हाई, मास्तरांनी तसं लिहूनच दिलंय. पण एवढं कळतं.

१० एप्रिल

दिलावरची अम्मी, बिबिजानचाची, दुकानाम्होरं थांबली. मी सायकलीआड झालो. तिनं हुडकलंच.

"जानकू, मेरा दिलावर अब घर में बी हुतुतू हुतुतू करता. रोटी भूनती तो पीछे से हुतुतू! क्या जादू किया रे तूने?"

"म्या? न्हाई चाची! म्या काय बी केलं न्हाई!"

"अरे, घबराता कायकू? अच्छा किया." अन माझ्या हातात दोन खजूर ठेवले.

खाल्ले न्हाईत. कसे खाणार! सगळं सांगून टाकावं म्हणून तालमीपातुर गेलो. दादा दिलावरला पटांगणात पळवत व्हते. परत आलो. आज सांगितलं तर उद्या परत पिपाणी. न्हाई सांगितलं तर सतराला पिपाणी.

रात्री खजूर खाल्ले.

१७ एप्रिल, रविवार

आत्ताच आलो. घाईत लिहितोय, अक्षर बघू नको.

दुकानातल्या भाड्याच्या सायकली नेल्या, दोघं-दोघं बसून. दुकान मामाचं, त्याला कळल्यावर मारणार हाय, मारू दे.

पटांगणाभोवती ही गर्दी! दिलावर आत उतरला अन कुणीतरी तोंडानं पीऽऽपी वाजवली. मग सगळ्यांनीच. मी पाण्याची घागर घेऊन रेघंवर. मनात म्हणलं, मारुतीराया, त्या दिवशी तुझ्याकडं पाठ केली, त्याचा राग माझ्यावर काढ, ह्याच्यावर नको.

दादांनी त्याला पार शेवटापातुर सोडलाच न्हाई. नुसतं टोकाला उभं ठेवलं. माझीच चाल ती, कागदावरची! आपले तीन उरले, त्यांचे चार, अन पाच गुण मागं. तवा दादांनी बोट केलं.

गेला. हुतुतूतूतू... एकाला शिवला. वळताना दुसऱ्याचा गुडघा शिवला. तिसऱ्यानं घोटा धरला. चौथा अंगावर बसला. ज्यांना शिवला ते दोघं बी पडले वर. दिलावर दिसंनाच! नुसता ढीग. अन ढिगाखालनं आवाज — हुतुतूतूतू... बारीक, पण तुटंना. पीपी करणारे गप झाले. म्हातारं माणूस शेजारी व्हतं, मला म्हणतं, "कुणाचं रं पोरगं?" म्या सांगितलं, "कागद्याचं. जुन्नरचं." आवाज चालूच! ढिगाखालनं एक हात निघाला, माती खरवडत. रेघ ईतभर लांब. चार बोटं. दोन बोटं.

टेकला!

चौघं बाद. मी घागर कुठं टाकली मला ठाऊक न्हाई.

त्यातनं बी एका गुणानं आमीच हरलो. आदीचं इतकं देऊन बसलो व्हतो. पण येताना कुणी हरल्यावानी बोललंच न्हाई. दिलावर माझ्या मागं सायकलीवर. जुन्नरची येस आली तवा माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाला, "जानकू, बरं झालं रं." काय बरं झालं, ते म्या इचारलं न्हाई.

१८ एप्रिल

सकाळी दादांच्या पायावर डोकं ठेवायला गेलो. सगळं कबूल करणार व्हतो. तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाले, "तुला एक सांगतो जानकू. त्या पोराला म्या दम सहा सांगितला व्हता, सहा. त्यानं आठ वाचला तवा वळखलं, गड्यानं सोताच्या हातानं दोन वाढवून घेतले. म्हणलं, वाढवू दे. ज्याला भूक हाय त्योच खेळंल. म्हणून घेतला."

सहा सांगितला व्हता. अन म्या पाकीट फोडलं तवा टिंबं दोन व्हती. म्हंजे चार त्यानंच कमी दिली, सोताला, कुणी घेऊ नये म्हणून.

दादांना काय बी सांगितलं न्हाई. दिलावरला तर मरेस्तोवर सांगणार न्हाई. अन तू, जो कोण ही वही वाचत असशील — माझी चोरी खुशाल सगळ्या गावाला सांग. पण ते दोन टिंबांचं, पाया पडतो तुझ्या, कुणाला सांगू नको.